सुंभ जळाला, पण पीळ कुठे कुठे राहिला?

ज्यांना ऐकायला जमत नाही, किंवा जे एसटीत बसल्यावर इअरफोन घरी राहिलेत हे ओळखतात, त्यांच्यासाठी हा भागाचा लिखित मजकूर. बोलले तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे' वगैरे काढून टाकलेत.

आजचा विषय एकच शब्द आहे. दोर. हो, तोच. कपडे वाळत घालायचा, दहीहंडी टांगायचा.

मी अष्टमीची. रोहा सगळ्यांना माहीत असतं, कारण कोकण रेल्वे तिथून सुरू होते. अष्टमी म्हणजे कुंडलिका ओलांडली की पलीकडे. शिक्षण बीटेक, नोकरी सॉफ्टवेअरची. दिवसभर कोडमध्ये स्ट्रिंग आणि थ्रेड, म्हणजे दोरी आणि दोरा, यांच्याशीच गाठ. 'गाठ' हा शब्दही दोरीचाच बरं का. एकदा हे लक्षात यायला लागलं की थांबता येत नाही. आपण रोज किती दोरीचे शब्द बोलतो, आणि हे शब्द ज्यांनी खरोखर हाताने वळले त्यांचं काय झालं, असे दोन प्रश्न घेऊन आजचा भाग आहे.

पीळ म्हणजे नेमकं काय

आधी साधं भौतिकशास्त्र. नारळाच्या सोडणातला एक तंतू घ्या. वीतभर लांब असतो, ओढला की तुटतो. मग अशा वीतभर तंतूंपासून शंभर हात लांब दोर कसा होतो? तंतू एकमेकांना चिकटवलेले नसतात, गाठी मारलेल्या नसतात. असतो फक्त पीळ.

पीळ दिला की तंतू एकमेकांवर दाबले जातात. दोर जितका जोरात ओढाल, तितका तो आतून आवळतो, घर्षण वाढतं, आणि तंतू सटकत नाहीत. पण एकट्या पिळाची एक अडचण आहे. हात सोडला की तो उलगडतो. म्हणून दोर वळणारा माणूस काय करतो? आधी प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ देतो, आणि मग असे दोन-तीन पेड एकत्र घेऊन त्यांना उलट्या दिशेने वळतो. आता पेड उलगडायला बघतो, तर दोराचा पीळ घट्ट होतो. दोर उलगडायला बघतो, तर पेड घट्ट होतात. दोघं एकमेकांना अडवून धरतात. ना खिळा, ना डिंक. मला विचाराल तर माणसाने केलेलं हे सर्वांत जुनं इंजिनीअरिंग डिझाइन असावं.

किती जुनं? फ्रान्समध्ये आब्री द्यू मारास नावाच्या ठिकाणी झाडाच्या आतल्या सालीच्या तंतूंचा तीन पेडी दोरीचा एक बारीकसा तुकडा सापडला. २०२० मध्ये त्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. वय चाळीस हजार वर्षांहून जास्त. आणि वळणारे आपण नव्हे, निअँडरथल. पेडाचा पीळ एका दिशेला, दोरीचा उलट. म्हणजे तीच युक्ती.

आपल्याकडे काथ्याच्या दोराला सुंभ म्हणतात. 'सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही' ही म्हण आपण गर्विष्ठ माणसाला लावतो. पण म्हण करणाऱ्याने आधी ते डोळ्यांनी पाहिलं असणार. दोर जळून राख झाला तरी राखेवर वळणाची नक्षी तशीच दिसते. ही म्हण जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि हे दोन शब्दही. पेड आणि पदर. दोन्हींचा एक अर्थ दोराचा किंवा माळेचा एकेक धागा. वेणी तीन पेडी असते, हार दोन पदरी असतो. आणि हायवे? चौपदरी! पेण, नागोठणे, कोलाड या पट्ट्यातल्या माणसाला मुंबई-गोवा महामार्गाचं 'चौपदरीकरण' हा शब्द पाठ आहे. वर्षानुवर्षं ऐकतोय. तो मुळात दोऱ्याचा शब्द आहे हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. एका दोराचे चार पदर, तसे एका रस्त्याचे.

खाडीच्या तोंडाशी

आता कुंडलिकेने खाली जाऊया. नदी पुढे खाडी होते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. त्याच्या बाजूलाच चौल. आज चौल म्हणजे वाड्या, देवळं आणि शनिवार-रविवारची गर्दी. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या दर्यावर्दी पुस्तकात किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत 'सेमिल्ला' येतं, ते चौल. दहाव्या शतकात, ९१६ च्या सुमारास, अरब प्रवासी अल-मसूदी इथे येऊन गेला. पंधराव्या शतकात रशियातला अफनासी निकितिन इथेच उतरला.

ही सगळी माणसं कशातून आली? इथे दोर येतो. अरबी समुद्रातली कित्येक जुनी जहाजं खिळ्यांनी ठोकलेली नसायची, ती शिवलेली असायची. फळीच्या काठाला भोकं पाडायची, शेजारच्या फळीला काथ्याच्या दोरीने टाके घालायचे, फटीत तंतू भरायचे, वरून राळ आणि तेल. पेरिप्लसमध्येच ओमानकडच्या अशा शिवलेल्या होड्यांचा उल्लेख आहे. काथ्या का? कारण खाऱ्या पाण्यात तो इतर तंतूंसारखा लवकर कुजत नाही. उलट, नारळाची सोडणं महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवूनच तो काढतात. मग ती कुटायची, तंतू सुटे करायचे, आणि वळायचे.

हे नुसतं पुस्तकात राहिलेलं नाही. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रात पाचव्या शतकातलं जहाज आहे. त्या चित्रावरून भारतीय नौदलासाठी गोव्यात एक शिवलेलं जहाज बांधलं गेलं. केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने ते हाताने शिवलं. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं, नाव 'कौंडिण्य'. त्याचे फोटो नक्की बघा. फळ्यांवर टाके दिसतात, गोधडीवर दिसतात तसे.

दिवस कासराभर वर आला

समुद्र सोडून शेतावर येऊया, कारण दोराचे सर्वांत जास्त शब्द तिथे आहेत. आणि प्रत्येक दोराला वेगळं नाव आहे. गाईला गोठ्यात बांधायचं ते दावं. बैलाच्या नाकातली वेसण. बैल हाकताना हातात असतो तो कासरा. मोटेचा जाड दोर तो नाडा. लांबच लांब दोर म्हणजे चऱ्हाट. भाताचा भारा बांधायला आमच्याकडे वेगळी दोरीही आणत नाहीत, पेंढ्यालाच पीळ देऊन त्याचा बंध करतात.

आता हे शब्द गोठ्यातून बाहेर कसे पडले ते बघा. 'महागाईला वेसण' हा मथळा तुम्ही वाचला असेल. एखादा मीटिंगमध्ये थांबतच नाही, तेव्हा 'काय चऱ्हाट लावलंय' म्हणतो. मुलाला 'वळण' लावतात, दोरासारखंच. 'पिळू नको ना यार' हे तर कॉलेजच्या कट्ट्यावरचं. सत्तेच्या दोऱ्या कुणाच्या तरी हातात असतात, आणि म्हातारं माणूस आजारातून उठलं की आयुष्याची दोरी बळकट म्हणतात.

माझा सर्वांत आवडता शब्द आहे 'कासराभर'. सकाळी सूर्य क्षितिजापासून थोडा वर आला की जुनी माणसं म्हणायची, दिवस कासराभर वर आला. म्हणजे बैल हाकायच्या दोराने सूर्य मोजला! मोबाइलमध्ये वेळ बघणाऱ्या आपल्याला हे गमतीचं वाटतं. पण ज्याच्या हातात सकाळी सर्वांत आधी कासराच यायचा, त्याने दुसरं कोणतं माप वापरायचं?

आणि दोर म्हटल्यावर तानाजी येणारच. ४ फेब्रुवारी १६७०, कोंढाणा. तानाजी पडले, मावळे मागे फिरू लागले, आणि सूर्याजींनी कड्यावरचे दोर कापून टाकले, अशी कथा आपण शाळेत ऐकली. तानाजींची समाधी आपल्याच रायगड जिल्ह्यात, पोलादपूरजवळ उमरठला आहे. त्या एका रात्रीने मराठीला 'परतीचे दोर कापणे' दिलं. आज कुणी राजीनामा देऊन स्टार्टअप काढला तरी हेच म्हणतात. कड्यावर लटकलेला दोर नोकरीच्या ईमेलपर्यंत पोहोचला.

दोर शाळेत जातो

इथपर्यंत शब्द साधे होते. आता जरा वरच्या मजल्यावर जाऊ. ज्या शब्दांना आपण भारदस्त समजतो, ते कुठून आले?

'सूत्र' म्हणजे दोरा. पाणिनीची सूत्रं, गणिताची सूत्रं, मंगळसूत्र, सूत्रसंचालन, आणि बातमीतली 'विश्वसनीय सूत्रं'. ज्याच्या हातात सूत्र तो सूत्रधार. गंमत म्हणजे संस्कृतमध्ये सूत्रधार म्हणजे सुतारसुद्धा, कारण लाकडावर सरळ रेघ मारायला तो दोरा धरतो. आपला 'सुतार' हा शब्द त्यातूनच झिजत आला. म्हणजे नाटकाचा सूत्रधार आणि दरवाजा बसवणारा सुतार, दोघांची कुळी एक.

'ग्रंथ' म्हणजे बांधलेलं, गुंफलेलं. ताडपत्रांना भोक पाडून दोरा ओवायचे. 'तंत्र' म्हणजे मुळात माग, किंवा मागावर ताणलेले धागे. म्हणजे बॅचलर ऑफ टेक्नॉलॉजी ऊर्फ तंत्रज्ञानाची पदवी घेऊन मी शब्दशः मागाची माहिती मिळवलेली आहे. घरी सांगितलं तेव्हा कुणी फारसं हसलं नाही.

'गुण' ऐका. संस्कृतमध्ये गुण म्हणजे दोरीचा पेड, धनुष्याची दोरी. द्विगुण म्हणजे दोन पेडी, त्रिगुण म्हणजे तीन पेडी. तिथून 'दुप्पट', 'तिप्पट' असा अर्थ आला, आणि त्यातून गुणणे, गुणाकार. दुसरीकडे सत्त्व, रज, तम हे तीन गुण. माणूसही तीन पेडांचा दोरच. आणि दहावीची गुणपत्रिका म्हणजे... बघा तुम्हीच.

मग विज्ञानाच्या पुस्तकात क्रोमोसोमला मराठी शब्द हवा होता, तेव्हा ठरला 'गुणसूत्र'. दोरी अधिक दोरा. आणि १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली तेव्हा ती निघाली दोन पेडी पिळाची! शब्द करणाऱ्यांनी हे ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण जुळलंय भारी.

गणितातही तेच. यज्ञाची वेदी मोजण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथांना शुल्बसूत्रं म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रात आपण ज्याला पायथागोरसचा सिद्धांत म्हणतो तो आहे, आणि तो सांगितलाय ताणलेल्या दोरीच्या भाषेत. कर्णावर ताणलेली दोरी जितकं क्षेत्र देते, तितकं दोन बाजू मिळून देतात. 

आणि ज्या साइनने अकरावीत आपला जीव घेतला? धनुष्याच्या दोरीला 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणतात. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, त्याची जीवा म्हणजे दोरी. हा शब्द अरबांनी 'जीब' असा उचलला. अरबीत स्वर लिहीत नाहीत, म्हणून पुढे तो 'जैब' वाचला गेला, म्हणजे कपड्याचा छातीवरचा घोळ. लॅटिनमध्ये भाषांतर झालं 'सायनस', तिथून साइन. म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं ते बटण दाबताना आपण एका धनुष्याची दोरी ओढतो.

मग वळणारे हात कुणाचे?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. हा भाग करायचं खरं कारण हेच आहे.

सूत्र, ग्रंथ, तंत्र, गुण. दोराचे शब्द विद्येच्या सर्वांत वरच्या पायरीवर जाऊन बसले. दोर वळणारे कुठे होते?

महाराष्ट्रातल्या गावगाड्यात दोर वळणं हे मातंग समाजाचं परंपरेने ठरवून दिलेलं काम होतं. अंबाडी आणि तागाचे देठ पाण्यात कुजवायचे, घायपाताची पानं कुटायची, तंतू सोलायचे, धुवायचे, वाळवायचे, वळायचे. केरसुण्या बांधायच्या. बैलपोळा आला की गावातल्या बैलांना नव्या वेसणी, म्होरक्या, कासरे पुरवायचे. बदल्यात बलुतं, म्हणजे सुगीला धान्य. गावाची शेती अक्षरशः त्यांच्या दोरावर चालायची. त्याच गावाने त्यांना गावकुसाबाहेर ठेवलं. फाशी देण्याचं कामही त्यांच्याच माथी मारलेलं होतं. दोर तुमचा, तर फासही तुम्हीच लावा.

आणि विहीर. विचार करा. विहिरीतून पाणी काढायचा दोर ज्या हातांनी वळला, त्याच हातांना तो दोर त्या विहिरीत सोडायचा हक्क नव्हता. दोर चालायचा, हात चालायचे नाहीत. दोरावर विटाळ नसायचा, वळणाऱ्यावर असायचा. मला यात तर्क शोधून सापडत नाही.

हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात ऐरणीवर आला. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं, पाण्याला हात लावायची सोय मात्र झाली नाही. म्हणून २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. पुढे खटला चालला, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य ठरवलेल्यांच्या बाजूने निकाल दिला. रोह्याहून महाड म्हणजे फार लांब नाही. एसटीने आपण सहज जाऊन येतो.

त्याच्याही ७२ वर्षं आधी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग आणि महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना धर्माची पुस्तकं वाचायचीही मनाई, त्यांचा धर्म नेमका कोणता, असा सरळ प्रश्न ती त्यात विचारते. दोर वळणाऱ्यांच्या घरातली मुलगी. सूत्र आणि ग्रंथ हे शब्द ज्यांच्या कामातून वर चढले, त्यांच्यातल्या एकीने लेखणी हातात घेतली. निबंध छोटा आहे, इंटरनेटवर मिळतो. हा भाग संपला की तो वाचा.

चंद्रावर गेलेला दोर

आता माझ्या क्षेत्रातली एक गोष्ट सांगते, कारण ही कथा फक्त आपल्या गावगाड्याची नाही.

१९६९ मध्ये अपोलो ११ चंद्रावर उतरलं. यानातल्या संगणकाचा प्रोग्रॅम कशात साठवला होता माहीत आहे? त्याला 'कोअर रोप मेमरी' म्हणायचे. रोप म्हणजे आपल्या भाताचं रोप नव्हे, दोर. बारीक तार चुंबकीय कड्यातून गेली तर एक, कड्याच्या बाहेरून गेली तर शून्य. अख्खा प्रोग्रॅम असा तारेने ओवलेला. म्हणजे ते सॉफ्टवेअर हातात धरता यायचं.

आणि ओवणारे हात? अमेरिकेत वॉल्थम इथल्या रेथिऑनच्या कारखान्यातल्या बायका. कापड गिरण्या आणि घड्याळाच्या कारखान्यांमुळे त्या भागात बारीक कामाची सवय असलेल्या हातांची कमी नव्हती. एक तार चुकली की शोधून दुरुस्त करणं महाकठीण. इंजिनीअर लोक चेष्टेत त्याला 'म्हाताऱ्या बायकांची मेमरी' म्हणायचे. चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्याचं नाव जगाला पाठ आहे. ओवणाऱ्यांपैकी किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील?

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणणार नाही. कारखान्यातल्या बाईला पगार होता, घरी जाताना ती सार्वजनिक नळावर पाणी पिऊ शकत होती. जन्माने लादलेलं काम आणि नोकरी यात फरक आहे, तो पुसून चालणार नाही. पण एक सवय दोन्हीकडे दिसते. विचार करणाऱ्याला आपण विद्वान म्हणतो, आणि वळणाऱ्या, ओवणाऱ्या हाताला नुसता हात म्हणतो. पेडाला एका दिशेने आणि दोराला उलट दिशेने पीळ द्यायचा, हे काय डोकं न वापरता सुचलं?

आज दोर कुठे आहे

आज हार्डवेअरच्या दुकानात नायलॉनची दोरी मिळते, निळी, हिरवी, पिवळी. भिजत नाही, कुजत नाही. कोळ्यांची जाळी एकेकाळी ताग-सुताची असायची, ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनची झाली. ओढायला हलकी, टिकायला दणकट, हे खरंच. पण समुद्रात तुटून पडलेला तुकडा तिथेच राहतो, तेही खरं. मोटेच्या जागी पंप आला, बैलांच्या जागी पॉवर टिलर. कासरा हातात धरलेला माझ्या पिढीतला माणूस मला अष्टमीत शोधावा लागेल.

त्याचं फार वाईट वाटून घ्यावं असं मला वाटत नाही. घायपात कुटून कुटून हात सोलवटायचे, आणि ते काम जातीने गळ्यात पडायचं. ते सुटलं तर चांगलंच झालं. नाही सुटलं ते वेगळंच. सुंभ जळाला, पीळ राहिला. चांगला पीळ शब्दांत राहिला, 'कासराभर' आणि 'गुणाकार' मध्ये. वाईट पीळ आडनाव विचारण्यात राहिला, भाड्याने खोली देताना 'तुमचं गाव कुठलं, तुमच्यात काय खातात' असं गोड आवाजात विचारण्यात. पुण्यात नोकरीला लागल्यावर खोली शोधताना हे प्रश्न मी स्वतः ऐकलेत, माझ्याबरोबरच्या मैत्रिणीला विचारलेले. मला चावी मिळाली, तिला 'कळवतो' मिळालं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'सूत्र', 'तंत्र' असं काही भारदस्त बोललं, की त्या शब्दाचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं ते एकदा आठवून बघा.

आता तुमचं काम. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, तुमच्याकडे दोराला काय काय म्हणायचे? विहिरीचा, होडीचा, पाळण्याचा, बैलाचा. तो कोण वळायचं? त्यांना त्याचे काय मिळायचे? शब्द आणि उत्तर दोन्ही व्हॉइस नोटने पाठवा. कोळीवाड्यातल्यांनी तर नक्की पाठवा, होडीवरच्या दोरांची नावं मला हवी आहेत. जमली की त्यांचा एक वेगळा भाग करू.

तोपर्यंत फार पिळत नाही. भेटू पुढच्या भागात!